मराठवाडा प्रादेशिक अभ्यास : नव्या सत्राचा पहिला तास कुठून सुरू करावा?

बालाघाट (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात इतिहास शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्याकडे द्वितीय वर्षाला मराठवाड्याच्या प्रादेशिक अभ्यासाची 2 श्रेयांकांची अभ्यासपत्रिका आहे आणि दोन आठवड्यांनी सुरू होणाऱ्या सत्रात ती दुसऱ्यांदा माझ्याकडे येत आहे. 2 श्रेयांक म्हणजे कागदावर 30 तास. प्रवेशाची लांबलेली प्रक्रिया, सण, जयंत्या आणि युवक महोत्सव वजा केले की त्यातले किती हाती उरतात, हे येथील शिक्षकांना सांगायला नको.

गेल्या वर्षी मी सुरुवातीलाच चुकले. पहिल्या तासाला फळ्यावर 'प्रदेश' या संकल्पनेची व्याख्या लिहिली, दुसऱ्या तासाला औपचारिक आणि कार्यात्मक प्रदेशांतील फरक सांगितला, आणि त्यानंतर आठ जिल्हे, 76 तालुके, 2011 च्या जनगणनेतील 1 कोटी 87 लाख लोकसंख्या अशी आकड्यांची उतरंड रचली. मुलांनी सगळे निमूटपणे उतरवून घेतले. सातवाहनांपर्यंत पोहोचेतो वर्ग निम्मा झाला होता. सत्राच्या शेवटी एका विद्यार्थ्याने मला विचारले, "मॅडम, ह्या सगळ्यात आमचं गाव कुठं आलं?" हा मुलगा आष्टी तालुक्यातला. त्याच्या घरचे बाजाराला, दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला नगरला जातात. 2022 मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली तीही नगरच्या बाजूनेच. मराठवाडा हा शब्द त्याला शासकीय अर्जातील एका रकान्यापुरताच ठाऊक होता. त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

या वेळी सुरुवात बदलायची आहे. पहिल्या चार-पाच तासांत काय करावे, ज्यामुळे प्रदेश ही गोष्ट मुलांना पुस्तकाबाहेर दिसू लागेल? ज्यांनी असा अभ्यासक्रम शिकवला आहे किंवा शिकला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

काळी माती

मॅडम, मी परभणीकडे भूगोल शिकवतो. आपल्या आष्टीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच आपला पहिला तास आहे, असे मला वाटते. मराठवाडा म्हणजे गोदावरीचे खोरे, असे आपण सर्रास सांगतो. परंतु आष्टी तालुक्याच्या मोठ्या भागाचे पाणी सीना नदीकडे वाहते. सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. धाराशिव जिल्ह्यातील परांडा आणि भूम यांचेही तेच. म्हणजे त्या मुलाच्या शेतात पडलेला पाऊस गोदावरीला कधीच भेटत नाही. तो ज्या गावांशी व्यवहार करतो, ती गावे बहुतांशी त्याच्याच पाण्याच्या उतारावर आहेत. त्याला मराठवाडा परका वाटतो यात त्याच्या अज्ञानाचा भाग थोडा आणि जमिनीच्या उताराचा भाग मोठा आहे.

मी पहिल्या दिवशी जिल्ह्यांच्या सीमा नसलेला, फक्त नद्यांचा नकाशा देतो. प्रत्येकाने आपले गाव अंदाजाने टिंब देऊन दाखवायचे आणि गावच्या ओढ्याचे पाणी कुठे जाते ते बोटाने शोधत समुद्रापर्यंत जायचे. आपल्याकडील मुलांसाठी मांजरा ही यासाठी सर्वांत उत्तम नदी आहे. ती आपल्याच पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, केज-कळंब-लातूरकडून बीदर जिल्ह्यात जाते, पुढे तेलंगणात निजामसागराचे पाणी होते आणि उत्तरेकडे वळून नांदेडच्या सीमेपाशी पुन्हा गोदावरीला येऊन मिळते. एक नदी तीन राज्ये फिरून शेजारच्या जिल्ह्यात परत येते, हे पाहिल्यावर मुले आपणहून विचारतात की मग या रेषा कोणी आखल्या. हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की आपले अर्धे काम झाले. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले, हेही याच नकाशावर धनेगावच्या धरणावर बोट ठेवून सांगता येते.

पावसाची सरासरी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगू नये. किनवट-माहूरचा जंगलपट्टा आणि आष्टी-पाटोद्याचे माळरान यांची मिळून एक सरासरी काढली, तर ती दोन्हीकडच्या मुलांना खोटी वाटते.

जुना भूमापक

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे. शिक्षक नाही, तरीही मला या चर्चेत काही सांगावेसे वाटते.

नदीचा नकाशा योग्यच आहे, परंतु आपल्या मुलखाचे वेगळेपण त्याहून अधिक सहजपणे घरच्या पत्र्याच्या पेटीत सापडते. मराठवाड्यातील जमिनीच्या कोणत्याही जुन्या प्रकरणात 1954-55 च्या खासरा पत्रकाचा, म्हणजे जमिनीची जुनी नोंद असलेल्या कागदाचा, उल्लेख येतो. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, कारण तिकडची महसुलाची घडी इंग्रजी अमलात बसलेली आणि आपली निजामाच्या अमलात. त्याआधीचे कागद पाहिले तर बरेचसे उर्दूत आहेत आणि साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचे, आहे. फसली सनात 590 किंवा महिन्याप्रमाणे 591 मिळवले की इसवी सन येतो. जागिरी नष्ट करणारा 1949 चा हैदराबादचा कायदासुद्धा स्वतःच्या नावात 1358 फसली हेच साल वागवतो. म्हणजे निजामाची सत्ता गेली, तरी त्याचे पंचांग कचेरीत काही काळ तसेच चालू राहिले. ही एवढी गोष्ट सांगितली तरी हैदराबाद संस्थान भारतात आले त्या 17 सप्टेंबर 1948 या दिवशी सारे काही एका रात्रीत बदलले नव्हते, हे मुलांच्या ध्यानात येईल.

शब्दांचेही तसेच आहे. कंत्राटदाराला गुत्तेदार, मंडळ अधिकाऱ्याला गिरदावर, हातरुमालाला दस्ती हे आपल्या घरात सहज बोलले जाणारे शब्द आहेत. मुलांनी आजी-आजोबांकडून असे पंचवीस शब्द आणावेत आणि जोडीला जमिनीचा, शाळेचा किंवा कर्जाचा एखादा जुना कागद आणावा. हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या चलनाचे, एखादे नाणेही कोणाच्या देव्हाऱ्यात निघेल.

दोन सूचना मात्र अनुभवाने देतो. मूळ कागद वर्गात मागवू नये. आमच्या नोकरीच्या काळात मी भावाभावांतील दावे एका हरवलेल्या कागदावरून वर्षानुवर्षे चाललेले पाहिले आहेत, आणि मुलाने कॉलेजात नेऊन हरवला हे निमित्त कोणाच्याही माथी येऊ नये. दुसरे असे की सध्या निजामकालीन नोंदींकडे आरक्षणाच्या संदर्भात सर्वांचेच लक्ष आहे. जातीचा रकाना झाकून झेरॉक्स काढायला सांगावे, नाहीतर तुमचा वर्ग पाहता पाहता नोंदी शोधणारे शिबिर होऊन बसेल.

अर्थशोधक

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु एक शंका नोंदवतो. नद्या, शब्द आणि जुने कागद यांत रमताना मराठवाड्याचा मूळ प्रश्न बाजूला पडू नये. हा विभाग 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो कोणत्या अपेक्षेने, विदर्भ-मराठवाड्याला विकासात न्याय्य वाट्याचे आश्वासन देणाऱ्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराचे काय झाले, संविधानाच्या अनुच्छेद 371(2) मधील तरतूद प्रत्यक्षात यायला 1994 साल का उजाडावे लागले आणि त्यातून जन्मलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली तेव्हा जाहीर चर्चा इतकी थोडी का झाली, हे प्रश्न प्रादेशिक अभ्यासाच्या केंद्रस्थानी असले पाहिजेत. माझ्या मते पहिला तास अनुशेषाचा, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत मागे राहिलेल्या विकासाचा, असावा.

हे मी केवळ गाऱ्हाणे मांडण्यासाठी म्हणत नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के आणि मराठवाड्याचा साधारण साडेतेवीस टक्के होता. उरलेला सुमारे 37 टक्के वाटा कोणाचा, असे विचारले की वर्ग गप्प होतो. कारण तो उर्वरित महाराष्ट्राचा आहे, हे कोणाच्या मनातही नसते. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील अनेक जिल्हेही मागे होते. लोकसंख्या आणि क्षेत्र लक्षात घेऊन हे वाटे पुन्हा मांडायला सांगितले की अन्याय ही गोष्ट मोजता येते आणि मोजताना ती घोषणेपेक्षा गुंतागुंतीची निघते, हे मुलांना समजते. 2013 चा समतोल प्रादेशिक विकासावरील केळकर समितीचा अहवाल त्यानंतर घ्यावा.

बालाघाट (धागाकर्ती)

सर, आपला मुद्दा मान्य आहे, परंतु पहिल्या तासाला मला त्याची थोडी धास्ती वाटते. आमच्या मुलांनी मागासलेपण हा शब्द इतक्या भाषणांतून ऐकला आहे की तो उच्चारताच त्यांच्या चेहऱ्यावर सभेला बसल्याचा भाव येतो. आपण सांगितलेला 37 टक्क्यांचा प्रश्न मात्र मी नक्की वापरणार आहे.

भालकीकर

मी बीदर जिल्ह्यातील मराठी भाषक. आमच्या घरात मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात दखनी उर्दू अशी वहिवाट आहे. 1956 पूर्वी आम्ही आणि आपण एकाच हैदराबाद संस्थानाचे आणि नंतर एकाच हैदराबाद राज्याचे रहिवासी होतो. राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा तुमच्याकडे आले, भालकी आणि औराद आमच्याकडे राहिले. माझ्या आजीचे माहेर उदगीरकडचे. तिच्या हयातीतच माहेरची वाट परराज्यात गेली, पण ती शेवटपर्यंत 'गावाकडं जाते' असेच म्हणत असे.

आपल्या अभ्यासक्रमात राज्याच्या सीमेपलीकडचे एक तरी गाव असावे, अशी माझी विनंती आहे, कारण तुलना केल्यावाचून प्रदेशाचे वेगळेपण उमगत नाही. 17 सप्टेंबरला आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते आणि त्याच दिवशी आमच्याकडेही होते. आपल्यासाठी अनुच्छेद 371(2) आहे. आमच्या भागासाठी 98 व्या घटनादुरुस्तीने 371(ञ) आले आणि 2019 पासून आमच्या विभागाचे नाव कल्याण कर्नाटक झाले. एकाच जुन्या राज्याचे दोन तुकडे दोन नव्या राज्यांत गेले, दोघांनीही मागासलेपणाची तक्रार केली आणि दोघांना वेगवेगळे उपाय मिळाले, हा अर्थशोधक यांच्या अनुशेषाच्या तासाला पूरक विषय ठरेल.

काळी माती

भालकीकर यांच्या यादीत राजुऱ्याची भर घालतो. राजुरा आणि किनवट हे दोन्ही तालुके जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले. 1956 मध्ये ते नांदेडला जोडले गेले. किनवट तिथेच राहिले आणि राजुरा काही वर्षांतच चांदा जिल्ह्यात गेले. त्यामुळे आज राजुरा विदर्भात मोजले जाते आणि तरीही तेथे 17 सप्टेंबर पाळला जातो. असे तालुके वर्गात मोठ्या कामाचे असतात.

किल्लारी पट्टा

आमच्या भागातील महाविद्यालयात मौखिक इतिहासाची सुरुवात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने होते. विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराचा धक्का आणि नंतर संपूर्ण पुनर्वसन झालेली 52 गावे. आजच्या विद्यार्थ्यांचे आईवडील त्या वेळी लहान होते. मुलाखती चांगल्या होतात, पण पहिल्याच महिन्यात हा विषय देऊ नये. प्रश्न विचारायला न शिकलेला मुलगा समोरच्याला रडवून परत येतो आणि वही कोरीच राहते.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

नमस्कार मॅडम. मी आपल्या महाविद्यालयाची नाही, पण जिल्हा आपलाच आहे आणि हाच विषय मी गेल्या वर्षी शिकले. माझे आईवडील ऊसतोड करतात. इथे सर्वांनी पहिल्या तासाविषयी लिहिले आहे. मला सत्राच्या वेळापत्रकाविषयी लिहायचे आहे, कारण आमच्या घरी पहिला तास कोणता हे मुकादम ठरवतो.

आमच्याकडे उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, उन्हाळ्यापासूनच घेतली जाते आणि दसरा झाला की गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. ज्या घरात धाकटी भावंडे आहेत, तिथल्या मोठ्या मुलीला त्यांना सांभाळायला बरोबर जावे लागते किंवा म्हाताऱ्या आजीपाशी गावात राहून सारे घर ओढावे लागते. महाविद्यालयात प्रकल्प द्यायची वेळ नेमकी तीच असते. आमच्या वर्गाला क्षेत्रभेटीचा विषय दसऱ्यानंतर मिळाला होता. गावात तेव्हा म्हातारी माणसे, लहान लेकरे आणि कुलपे राहिली होती. आम्ही त्याच गावाचे सर्वेक्षण केले आणि कुटुंबाचे सरासरी आकारमान काढले! ते आकडे तपासणाऱ्या कोणालाही खटकले नाहीत, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की गावात जाऊन करायचे सर्व काम पोळ्याच्या आसपास उरकावे. तेव्हा माणसे घरी असतात, पेरणी झालेली असते आणि बोलायला थोडी सवड असते. वाचायचे काम दसऱ्यानंतर ठेवावे, कारण ते मोबाइलवर कोपीत (तोडीच्या तळावरच्या झोपडीत) बसूनही वाचता येते. मी तसे वाचले आहे. चार्जिंगसाठी ट्रॅक्टरवाल्या दादांची मनधरणी करावी लागते, एवढेच.

आणखी एक सांगते. आमच्या सरांनी उत्साहाने ऊसतोड कामगारांच्या समस्या हा विषय मला दिला, कारण मला माहिती सहज मिळेल. मी आईला प्रश्नावली वाचून दाखवली. पाचव्या प्रश्नाला ती म्हणाली, "हे तुला ठाव नाही का? मग मला कशाला विचारतीस?" मला फार अपराधी वाटले. नंतर मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि तिला फक्त विचारले की आजवर कोणकोणत्या कारखान्यांवर गेलीस. तिने पहिल्यापासून गावे सांगायला सुरुवात केली, सांगली-कोल्हापूरकडची आणि कर्नाटकातलीही. कुठल्या गावी पाणी गोड, कुठल्या गावी दुकानदार उधार देतो, कुठे माझा भाऊ जन्मला. मी ती गावे नकाशावर टिंबांनी दाखवली. माझ्या आईचा मराठवाडा कृष्णाकाठापर्यंत पसरलेला आहे, हे मला त्या नकाशावरून समजले. तो नकाशा मात्र प्रकल्पात बसला नाही, कारण विषयाची सीमा आठ जिल्ह्यांची होती.

अर्थशोधक

ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. दसऱ्यानंतरच्या सर्वेक्षणातील सरासरी कुटुंबाचे उदाहरण मी माझ्या सांख्यिकीच्या वर्गात सांगणार आहे. आपली हरकत नसावी. पहिला तास अनुशेषाचाच हवा, हा आग्रह मी मागे घेतो. आकडे दसऱ्यानंतर चालतील.

जुना भूमापक

आपल्या मातोश्रींना नमस्कार सांगावा. आम्ही साखळ्या टाकून आयुष्यभर शिवारे मोजली, पण अशी मोजणी आम्हाला सुचली नाही.

बालाघाट (धागाकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. विभागातील सहकाऱ्यांशी बोलून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. त्रुटी असल्यास निःसंकोच सांगाव्यात.

पहिल्या तासाला काळी माती सरांचा बिनसीमेचा नदी-नकाशा देणार आहे. त्याच नकाशाच्या मागच्या बाजूला प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसांची ये-जा काढायची आहे. बाजार, दवाखाना, देव, सोयरीक आणि काम, अशा पाच गावांना रेघा. आठ जिल्ह्यांची सीमा मी तिसऱ्या तासाला पारदर्शक कागदावर आणून त्यावर ठेवीन, म्हणजे कोणाच्या रेघा किती बाहेर जातात हे सर्वांना एकदमच दिसेल. विषयाची सीमा आठ जिल्ह्यांची असली, तरी प्रकल्पातील नकाशा त्या सीमेपाशी थांबवण्याचे बंधन मी ठेवणार नाही. अभ्यासमंडळाने विचारल्यास उत्तर देण्याची तयारी आहे.

त्यानंतर शब्द आणि कागद. क्षेत्रभेटी पोळ्यापर्यंत संपवायच्या. 17 सप्टेंबरच्या आठवड्यात हैदराबादचे विलीनीकरण, भालकी आणि राजुरा. दसऱ्यानंतर दांडेकर आणि केळकर समित्यांचे तक्ते, तेही फोनवर उघडतील अशा लहान फायलींत, आणि बाहेरगावी गेलेल्या मुलांची उत्तरे आवाजाच्या मुद्रणानेही स्वीकारायची. भूकंपाचा विषय या वर्षी घेणार नाही; किल्लारी पट्टा यांचा इशारा मला पटला. सातवाहनांना मात्र फाटा द्यावा लागतो आहे, याचे इतिहासाची शिक्षिका म्हणून वाईट वाटते. तेरला एक दिवसाची सहल निघाली, तर ग्रीक खलाशांना ठाऊक असलेले तगर, म्हणजे हेच तेर, निदान डोळ्यांनी दाखवता येईल.

एक अडचण अजून सुटलेली नाही. मुलांनी उर्दू कागदांच्या प्रती आणल्या, तर त्या वाचणार कोण? आमच्या महाविद्यालयात उर्दू विभाग नाही आणि घसटून लिहिलेली कचेरीची उर्दू सर्वांना लागतही नाही, असे ऐकले आहे.

जुना भूमापक

ती वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. वडील जुन्या अमलात पेशकार (कचेरीतील कारकून) होते, त्यांनी शिकवले. मला अंबाजोगाईहून यायचे आहे, तेव्हा शनिवार सोयीचा पडेल. कागद आदल्या आठवड्यात पाठवले तर बरे, कारण चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि मोडक्या अक्षराला वेळ लागतो. प्रती मोठ्या आकारात काढाव्यात. मानधनाचे पत्र वगैरे काही नको, तेवढ्यासाठी कार्यालयात फेऱ्या मारणे आता होत नाही. वर्ग तळमजल्यावर मिळाला तर पाहावे.

बालाघाट (धागाकर्ती)

तळमजल्यावरची 4 क्रमांकाची खोली मिळाली आहे, सर. सत्राचा तिसरा शनिवार, सकाळी साडेदहा. बसस्थानकावर घ्यायला आष्टीचा तोच विद्यार्थी येईल. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे, आणि या वेळी मागच्या बाकावर बसून ऐकतो म्हणाला आहे.